भावजींनी पाठवलेला टीव्हीचा डबा

प्रिय भावजी,

थोरल्या वहिनीचा आशीर्वाद. पाठ कशी आहे? ऑफिसातली खुर्ची बदललीत, की अजून उशी लावूनच बसता? इकडे सगळे ठणठणीत, एक सोडून. घाबरू नका, माणसांपैकी नाही. तुम्ही टीव्हीला जोडायला पाठवलेल्या डब्याबद्दल बोलतेय. (फोनवर तुम्ही दर वेळी विचारता आणि तुमचे दादा "मस्त चाललाय" म्हणून मोकळे होतात. ग्रुपवर लिहावं तर तिथे बाबाही आहेत. म्हणून हे पत्र.)

डबा गोंडस आहे, साबणाच्या वडीएवढा. पण कुवतही तेवढीच. खोक्यावर आठ जीबी जागा लिहिलीय, त्यातली पाच तो स्वतःच अडवून बसतो. नवं अ‍ॅप घालायचं तर जुनं काढा. काढलं की हा अपडेट मागणार, आणि अपडेटला जागा नाही म्हणून रुसणार. मेमरी एकच जीबी, त्यामुळे सिनेमा लावला की मेन्यू विसरतो आणि मेन्यूवर गेलं की सिनेमा. ज्या अ‍ॅपसाठी तुम्ही तो मुद्दाम पाठवलात, ते म्हणतं तुमची सिस्टीम फार जुनी, आम्ही हिला ओळखत नाही. खोक्यावर 'फोर-के' ठसठशीत छापलंय, चित्र मात्र ओल्या काचेतून बघितल्यासारखं. वायफायही जुन्या पद्धतीचं. मी मायक्रोवेव्ह लावला की नायिका जागच्या जागी गोठते. (तुमचे दादा तेव्हापासून गार जेवतात आणि हा त्याग मला रोज ऐकवतात.) तासाभरात डबा असा तापतो की दादांनी तो बाटल्यांच्या चार बुचांवर उभा करून समोर टेबलफॅन लावलाय. पंख्याच्या घरघरीत संवाद ऐकू येत नाहीत, ते वेगळंच.

तुम्ही तो बाबांसाठी पाठवलात, हे मला कळतं. जन्मभर थिएटरच्या केबिनमध्ये सिनेमाचं मशीन चालवलेला माणूस. सिनेमा बघून जरा खुलेल, असं तुम्हाला वाटलं. आई गेल्यापासून दिवसाकाठी "हो", "नको" आणि "दार लावलं का?" एवढंच बोलत होते. डब्यासमोरही दाताच्या डॉक्टरकडे नंबर लावल्यासारखे बसायचे.

एके दिवशी मात्र एकदम म्हणाले, "खालचा लूप चुकलाय."

आम्हाला काही कळेना. मग त्यांनी माझ्या गळ्यातली शिलाईची टेप ओढून घेतली आणि बोटांवर वळवून दाखवलं. मशीनमध्ये फिल्मचं चित्र वरच्या खिडकीत दिसतं, आवाज थोडा खाली वाचला जातो, मधला लूप, म्हणजे फिल्मचा सैल वळसा, नेमका हवा. कमीजास्त झाला की ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतात. भावजी, डब्याचा आवाज महिनाभर मागे पडत होता आणि आमच्यापैकी एकाच्याही लक्षात आलं नव्हतं.

गेल्या रविवारी दुपारी बाबांनी थिएटरात स्वतः चालवलेला एक जुना सिनेमा डब्यावर सापडला. शेजारच्या नर्सबाईही आल्या. नायिका पत्र उघडते आणि बरोबर तिथे पडदा काळा! डबा बंद पडून पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायला लागला. दादा त्याला चार शब्द सुनावायला उठले, तर बाबाच टीव्हीसमोर उभे.

"कुणी उठू नका. दोन मिनिटं."

आवाज असा, की नर्सबाईंनी पायात घातलेली चप्पल पुन्हा काढली.

"तेव्हाही इथेच तुटली होती फिल्म. लोक शिट्ट्या मारायला लागले. मी नवखा, घाबरलो. केबिनच्या खिडकीतून डोकं काढलं आणि पुढची सगळी गोष्ट ओरडून सांगून टाकली, शेवटासकट. खेळ सुटल्यावर एक मुलगी थेट केबिनच्या दाराशी. म्हणाली, शेवट सांगायला तुम्हाला कुणी सांगितलं होतं?"

"मग?" मी विचारलं.

"मग काय! पुढच्या आठवड्यात तिला दुसरा सिनेमा दाखवला. शेवट नाही सांगितला."

तुमचे दादा आ वासून बघत राहिले. आईबाबांचं लग्न आत्याने जुळवलं, असंच तुम्ही दोघं भाऊ समजत होतात ना? एव्हाना डबा सुरू होऊन भाषा निवडा म्हणून विनवत होता. कुणी बघितलंसुद्धा नाही.

तेव्हापासून डबा थांबला की बाबा बोलतात. आईला इंजिनाच्या शिट्टीची भीती वाटायची, ती पोहायला कशी शिकली, हे सगळं मला सून होऊन वीस वर्षांनी कळतंय. (खरं सांगते, परवा डबा फारच सुरळीत चालला, तेव्हा मी वाटीभर पाणी ठेवून मायक्रोवेव्ह लावला.)

बाकी क्षेम. पाठीला जपा.

तुमची,
वहिनी

ता. क. नवा भारीतला डबा पाठवताय असं दादा म्हणाले. एवढी विनंती करायलाच हे सगळं लिहिलं: पाठवू नका.

ता. क. २. पाकीट चिकटवायच्या आधी बाबांनी पत्र वाचलं. त्यांचं म्हणणं जसंच्या तसं लिहिते: "नवा डबा लवकर पाठव, या गोल फिरणाऱ्या चाकाने डोळे दुखतात. आणि तिच्याबद्दल मला सरळ विचारायला तुम्हा सगळ्यांना झालं होतं काय?"