माझ्यामागं तक्रार कोणी चालवायची

मी, पुतळाबाई मुंजाबा नरोटे, वय बाहत्तरच्या आसपास, राहणार चिकलठाणा, छत्रपती संभाजीनगर, हे मृत्युपत्र सांगून लिहून घेते. डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायदा गुडघ्यांचं विचारत नाही, असं वकील अमृताताई म्हणतात. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव टाकणारे दमले. हात अमृताताईंचा, शब्द माझे.

घाई अशासाठी की माझा धाकटा मुलगा बिभीषण पोलिसांच्या ताब्यात मेला, त्याची केस माझ्या नावावर कोर्टात आहे. सरकारी वकील दर वेळी पुढची तारीख मागतात आणि मागताना माझ्याकडं बघून घेतात. म्हातारी किती टिकते, याचा अंदाज घेत असावेत. मी मेले आणि माझ्या जागी नाव लावायला कोणी पुढं आलं नाही, तर केस तिथंच संपते.

एक. दोन खोल्यांचं राहतं घर माझं स्वतःचं, मेंढरं विकून बांधलेलं. अर्धं थोरला मुलगा इंद्रजीत याला, अर्धं बिभीषणची बायको रत्नमाला हिला. रत्नमालानं दुसरं लग्न केलं, आता तिचा काय हक्क, असं भावकी म्हणते. ते लग्न मीच लावून दिलं. अक्षता टाकायला भावकी आली नाही, तशी वाटणीचं बोलायलाही येऊ नये.

दोन. नवऱ्याची घोंगडी आणि लोकर कातरायची कातर चुलत दीर बन्सी यांना. त्यांची मेंढरं अजून आहेत. चारायला कुठं नेतात ते त्यांनाच ठाऊक, कारण आमच्या गावचं गायरान एका कंपनीच्या तारेच्या कुंपणात गेलं. त्या कुंपणासमोर बिभीषण माणसं आणि मेंढरं घेऊन बसला होता. पोलिसांनी माणसं उचलली, मेंढरं सोडली. बाकीचे संध्याकाळी घरी आले. बिभीषण तिसऱ्या दिवशी आला, पांढऱ्या कापडात. छातीत कळ आली म्हणाले. कळ छातीत आणि तळपाय काळेनिळे, हे मला आजवर कोणी समजावून सांगितलेलं नाही.

तीन. प्लास्टिकच्या खुर्च्या. परदेशातल्या मानवी हक्कवाल्या मंडळींसाठी त्या मला घ्याव्या लागल्या. मंडळी चांगली, डोळ्यांत पाणी आणून ऐकतात. पण दर वेळी नवा माणूस, आणि तो म्हणतो, "सुरुवातीपासून सांगा." त्यांच्या संस्थेनं चिंता व्यक्त केली. पुढच्या वर्षी तीव्र चिंता व्यक्त केली. मी अमृताताईंना विचारलं, "तीव्रच्या पुढं काय असतंय?" त्या म्हणाल्या, "अतिशय तीव्र." सरकार म्हणालं, ही देशाची अंतर्गत बाब आहे. बिभीषण माझ्या पोटात होता तेव्हा अंतर्गत बाब होता. खुर्च्या अमृताताईंच्या उस्मानपुऱ्यातल्या ऑफिसला द्याव्यात. तिथं माझ्यासारख्या बाया भिंतीला टेकून उभ्या असतात.

चार. आता इंद्रजीत. जिनिव्हाहून, संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कचेरीतून, आपल्या सरकारला बिभीषणबद्दल प्रश्न आला होता. सरकारनं उत्तर दिलं, 'मृताच्या कुटुंबाची कोणतीही तक्रार नाही.' अमृताताईंनी ते घरी येऊन वाचून दाखवलं.

मी म्हणाले, "कुटुंब म्हंजी कोण? मी तर कोर्टात हाय!"

इंद्रजीत भिंतीकडं बघत होता. म्हणाला, "माय, ते सरकारी साहेब आले व्हते ना चौकशीला. तू आत चहा टाकीत व्हतीस. तक्रार हाय का म्हणून त्यांनी इचारलं. मी नाय म्हणलो."

"का रं?"

"माझी नोकरी कंत्राटी हाय, सरकारी हापिसातली. घरात माझी सायली हाय, पोरगी शिकायला."

त्या साहेबाला मी चहा दिला होता. साखर कमी आहे म्हणाला, म्हणून उठून परत साखर घातली होती. माझ्याच घरातून माझ्या पोराचं 'नाय' जिनिव्हापर्यंत गेलं, आणि मी आत आलं किसत होते.

दुसऱ्या दिवशी 'माझी तक्रार आहे' अशी पाटी गळ्यात घालून क्रांती चौकात उन्हात बसले. फोटो बाहेरदेशी छापून आला. त्याच महिन्यात इंद्रजीतची नोकरी गेली. त्यानं मला त्याबद्दल एक शब्द बोलून दाखवला नाही. मीही विचारलं नाही. तेव्हापासून आम्ही कामापुरतं बोलतो.

म्हणून केस पुढं चालवायला माझ्या जागी रत्नमालानं नाव लावावं. तिला विचारलं आहे. ती म्हणाली, "आत्याबाई, मी नाय सोडणार." इंद्रजीतनं यात बोलू नये.

पाच. माझ्या दहाव्याला पुढाऱ्यांची भाषणं नकोत.

इथवर लिहून झालं आणि साक्षीदारांचा घोळ झाला. शेजारचे कचरू गाडेकर आले. दुसरे येतो म्हणाले आणि आले नाहीत. पोलिसांचं नाव निघालं की आमच्या गल्लीत सगळ्यांची गाडी पंक्चर होते. इंद्रजीत दारात उभा राहून ऐकत होता. म्हणाला, "मी करतो सही."

अमृताताई म्हणाल्या, "ज्याला वाटणी मिळते त्यानं साक्षीदार होऊ नये. वाटणी धोक्यात येते."

"मग माझी वाटणी काढा."

मी म्हणाले, "येड्या, भाड्याच्या खोलीत राहतो तू. घर सोडतो व्हय?"

"माय, या कागदावर तक्रार लिवलीय. तिच्याखाली माझं नाव पायजे."

 मला रागच आला. हा पोरगा नाही म्हणतो तेही नको तिथं, आणि हो म्हणतो तेही सगळा कागद लिहून झाल्यावर.

सहा. कलम एकमधली इंद्रजीतची वाटणी रद्द. ती नात सायली हिला मिळावी. कलम चारमधलं 'इंद्रजीतनं यात बोलू नये' हे रद्द समजावं. त्यानं बोलावं. मोठ्यानं बोलावं.

सगळं वाचून दाखवलं, ऐकलं, पटलं, म्हणून अंगठा देते.

पुतळाबाई मुंजाबा नरोटे (डाव्या हाताचा अंगठा)

साक्षीदार, दोघांसमोर अंगठा दिला:
१. कचरू गाडेकर, शेजारी
२. इंद्रजीत मुंजाबा नरोटे, बिभीषणचा भाऊ

ठिकाण: चिकलठाणा, छत्रपती संभाजीनगर
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२५