मुलांसाठी ऐसपैस लपण

शनिवार, ९ ऑगस्ट

संकल्प: या नोव्हेंबरात मारित तिचं पहिलं हरीण माझ्या शेजारी बसून मारणार. माझ्या. तिच्या आजीच्या नव्हे.

मुलगी मारित बारा वर्षांची झाली, मुलगा ऑगी नऊचा. यंदा दोघांनाही प्रथमच शिकारीला न्यायचंय. आज सासूबाईंच्या शेतावर जेवायला गेलो होतो. जेवताना आर्डिस, म्हणजे सासूबाई, सहज म्हणाल्या की पोरं माझ्याजवळ बसतील, माझी जागा चांगली आहे. त्यांची जागा म्हणजे दलदलीच्या पूर्वेला पाइनचं एक मेलेलं खोड आणि त्याला टेकून उपडी घातलेली लोणच्याची बादली. वय एकाहत्तर. दरवर्षी त्या बादलीवर बसून हरीण मारतात.

मी स्वतः अजून हरीण मारलेलं नाही, हे इथे नोंदवण्याची गरज नाही. त्याची कारणं वेगळी आहेत. मुख्यतः वारा.

मी म्हटलं, बादलीवर मुलांच्या पाठीला आधार नाही. गाद्यांच्या दुकानाचा मॅनेजर आहे मी, पाठी कळतात मला. म्हटलं, मी लपण घेतोय. रानाच्या रंगाचा तंबूच तो, जमिनीवर मांडायचा. सगळे आत, खिडकीतून बंदूक बाहेर. चांगलं ऐसपैस घेणार.

आर्डिस म्हणाल्या, घे बाबा, चाळीस एकर रान आहे, एक तंबू मावेल.

मारित बटाटे कुस्करत होती. काही बोलली नाही. मौन म्हणजे संमती.

रविवार, १० ऑगस्ट

मोठंच लपण का हवं, तर मुलं चुळबुळ करतात. त्यांना पाय लांब करायला जागा लागते, मधेच उभं राहावंसं वाटतं, भूक लागते. हे मी बायकोला, रेनेला, समजावत होतो. ती म्हणाली, रोलंड, तू आधी माझ्या पायावरचा तुझा पाय काढ.

शनिवार, १६ ऑगस्ट

मुलांना घेऊन शिकारीच्या सामानाच्या दुकानात. पाच लपणं मांडून ठेवली होती. दात कोरत बसलेला एक टकला विक्रेता. त्याचा सल्ला असा: ज्यांच्यासाठी घेताय त्यांना आत खुर्चीवर बसवा, खिडकी त्यांच्या डोळ्यांसमोर येते का बघा, आणि खिडकी उघडताना आवाज होतो का ऐका. बाकी सगळं जाहिरात.

हे त्याचं मत झालं.

मारित एका बुटक्या लपणात शिरली, बसली आणि म्हणाली, बाबा, इथून सगळं दिसतं. ऑगीलाही दिसलं. पण मी आत गेलो तर मान वाकडी करून बसावं लागलं. मुलांची सोय बघायची म्हणजे मुलांना घेऊन जाणाऱ्याची सोय आधी बघायला हवी, हे लोकांच्या लक्षात येत नाही.

कोपऱ्यातलं सहा माणसांचं घेतलं. मी आत ताठ उभा राहतो, वर हात केला तरी छत लागत नाही. विक्रेत्यानं विचारलं, शिकारीत उभं कशाला राहायचं? मी म्हटलं, गुडघे. खिडक्या मुलांच्या कपाळाच्या वर येतात, एवढाच किरकोळ मुद्दा. त्यावर उपाय म्हणून उंच खुर्च्या घेतल्या. सहा. किंमत लिहीत नाही. रेने कधीतरी ही वही उघडेल.

रविवार, ७ सप्टेंबर

आमचं दुकान बंद असताना लपण गाद्यांच्या मधोमध उभारून बघितलं. क्षणात उभं राहतं. घडी होत नाही. मी, मारित आणि ऑगी तिघांनी प्रयत्न केला. ऑगी म्हणाला, बाबा, याला राहू दे, हे खूश आहे.

सोमवार, ८ सप्टेंबर

अजून दुकानातच आहे. एक म्हातारं गिऱ्हाईक आत शिरलं, खुर्चीत डोळे मिटून बसलं आणि हेच द्या म्हणालं. विकायचं नाही म्हटल्यावर गादी न घेता गेलं. मला समाधान वाटलं. माझी निवड योग्य आहे.

रविवार, १४ सप्टेंबर

मागच्या अंगणात रंगीत तालीम. तासभर मुकाट बसायचं, असं मुलांना बजावलं. मुलांना हे जमणार नाही याची मला खात्री होती.

मुलं बसली. दगडासारखी. मधमाशी ऑगीच्या नाकावर बसली तरी तो हलला नाही.

मला मात्र कामं निघाली. कॉफी विसरली होती. मग फोन. मग गुडघा. मग उंच खुर्चीची कुरकुर कुठून येते ते खाली वाकून बघावं लागलं. तालीम अर्ध्यावर थांबवली. मुलं इतकी गप्प बसल्यामुळे माझे साधे आवाजही मोठे वाटत होते. हा त्यांचा दोष नाही, त्यांना अनुभव नाही.

संध्याकाळी मारित फोनवर आजीशी बराच वेळ हळू आवाजात बोलत होती. शाळेचं काहीतरी असेल.

रविवार, ५ ऑक्टोबर

लपण रानात गेलं. आर्डिस महिनाभर मागे लागल्या होत्या की लवकर नेऊन ठेव, हरणांच्या नजरेला सवय व्हायला हवी. आम्ही ते घडी न करता, तसंच उभं, ट्रेलरवर घालून नेलं. वॉसॉतल्या घरापासून शेतापर्यंत, सगळा रस्ता लोक हात हलवत होते.

मला ते आर्डिसच्या बादलीजवळ हवं होतं. आर्डिसनी रुईचं बोंड फोडलं, त्यातली म्हातारी वाऱ्यावर सोडली आणि ती कुठे जाते ते बघत राहिल्या. मग माझ्याकडे बघितलं. मग पुन्हा म्हातारीकडे. म्हणाल्या, नाही रॉली, तुझी जागा पश्चिमेला, ओकच्या चढावर. दलदलीच्या पार पलीकडे. ओकच्या फळांवर हरणं तिथेच येतात, सगळ्यात भारी जागा ती.

मी गहिवरलो. इतकी वर्षं जावई आहे मी, पण भारी जागा पहिल्यांदा मिळाली.

त्यांनी विचारलं, कॉफी आणशील ना? म्हटलं, थर्मास भरून. चिप्स? म्हटलं, मुलांसाठी. शेगडी? म्हटलं, गॅसची छोटी, पेटताना टक् करते, पण छान आहे. म्हणाल्या, आण, आण, सगळं आण, हात आखडू नकोस. बाईंचं माझ्याबद्दलचं मत बदलतंय.

रविवार, १९ ऑक्टोबर

लपणात गालिचा घातला. खुर्च्यांवर दुकानातल्या फोमचे तुकडे. शेगडीशेजारी उपड्या टपावर नीट मांडून कप. तीन बाजूंच्या खिडक्या बंद ठेवायच्या, नाहीतर हरणाला आतली सावली दिसते. हे मला मारितनं सांगितलं. मला माहीत होतंच.

रेने बघायला आली. खुर्चीत बसली, पाय लांब केले आणि म्हणाली, रोलंड, आपलं लग्न झालं तेव्हा आपल्या खोलीत एवढं सामान नव्हतं. मग म्हणाली, मारितला विचारलंस का, तिला कुणाजवळ बसायचंय?

विचारायचं काय? सगळं तिच्यासाठीच तर चाललंय.

रविवार, २ नोव्हेंबर

विचारलं. रेनेच्या समाधानासाठी.

मारित म्हणाली, बाबा, मी विचार करतेय. मग म्हणाली, तू न हलता किती वेळ बसू शकतोस? मी म्हटलं, दिवसभर. ती टेबलावरच्या पाण्याच्या ग्लासकडे बघत होती. पाणी हलत होतं. मी पाय थांबवला. पाणी थांबलं. ती हसली नाही, हे मला जरा लागलं. हसली असती तर बरं झालं असतं.

संकल्प: पाय हलवणे बंद.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर, रात्री

उद्या शिकारीचा हंगाम उघडतो. शुक्रवार म्हणून, इकडच्या रिवाजाप्रमाणे, आर्डिसकडे सगळ्यांना तळलेले मासे. जेवताना आर्डिसनी वाटणी जाहीर केली: पहाटे पोरं माझ्याबरोबर बादलीवर, रॉली एकटा ओकपाशी.

मी काटा खाली ठेवला. म्हटलं, सहा खुर्च्या आहेत. आर्डिस म्हणाल्या, अरे, ओकपाशी जाणता माणूस हवा. तिथे तू असलास तरच आमचं काही जमेल. मारित पुढे झाली, गालाचा मुका घेतला आणि म्हणाली, बाबा, प्लीज, तू तिथेच बस. तू तिथे असलास की मला बरं वाटेल.

आता याला काय म्हणणार?

थंडी भयंकर पडणार आहे. मुलं फार तर नऊपर्यंत बादलीवर टिकतील. मग गालिचा आठवेल. चिप्सच्या दोन पिशव्या घेतल्या आहेत.

शनिवार, २२ नोव्हेंबर, पहाटे ६.१०

लपणात स्थानापन्न. बंदूक, कोट, टोपी सगळं जागच्या जागी. वारा माझ्या पाठीवरून पूर्वेकडे. म्हणजे मुलांकडे. उत्तम असावं.

६.३०

शेगडी चौथ्या टकीला पेटली.

६.४५

चिप्स. एकेक जिभेवर ठेवून मऊ होऊ देतोय. पिशवीच्या आवाजाला मात्र इलाज नाही. कारखानदारांनी विचार करायला हवा.

७.१५

खुर्ची बदलली. ही जास्त कुरकुरते. पहिलीवर परत. शिंक आली. दाबली, तर दुप्पट जोरात आली. कप पडले.

७.२०

पूर्वेकडून एक गोळीचा आवाज. एकच.

७.४०

रेनेचा निरोप: मारितला हरीण. मादी, मोठी. मारित रडतेय आणि हसतेय. तू ये.

धावत गेलो. मला बघून मारितनं मिठी मारली. मी तिला बजावलं की अशा वेळी पाठ सरळ ठेवावी.

रात्री

आर्डिसनी कलेजी कांद्याबरोबर परतली. ब्रँडीचा ग्लास वर करून म्हणाल्या, हा रॉलीच्या लपणाच्या नावानं! माझे डोळे भरून आले. मी उठून दोन शब्द बोललो. लपण निवडताना काय काय बघितलं, उंची, ऐसपैसपणा, वगैरे.

मधेच ऑगी म्हणाला, आजी, तू म्हणालीस तस्संच झालं ना? बाबांची शिंक ऐकू आली आणि हरीण लगेच आपल्याकडे वळलं.

सगळे आपापल्या ताटात बघायला लागले. रेनेला ठसका लागला.

आमच्या विस्कॉन्सिनमध्ये हाका घालून शिकार करतात. काही माणसं रानातून आवाज करत चालतात, हरणं उठतात आणि पलीकडे दबा धरून बसलेल्यांकडे जातात. सगळ्या जगाला माहीत आहे. आवाज करणारा हाकारा चालत असतो. मी पहिला हाकारा, ज्याला बसवला. गालिच्यावर, शेगडीपाशी.

वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. कुणाला दाखवलं नाही. कलेजी दोनदा घेतली.

रविवार, २३ नोव्हेंबर, पहाटे

संकल्प: आज ब्र काढणार नाही. शेगडी नाही, चिप्स नाही, खुर्ची नाही. गालिच्यावर मांडी घालून बसणार. ऑगीला हरीण हवं असेल तर आजीनं दुसरा हाकारा बघावा.

८.००

हललो नाही.

९.००

हललो नाही. एक चिमुकला पक्षी खिडकीतून आत आला, माझ्या बुटावर बसला आणि गेला. असं माझ्या आयुष्यात कधी झालेलं नाही. पूर्वेला शुकशुकाट. बसा म्हणावं.

दुपारी

सकाळचं आत्ता लिहितोय.

दहाच्या सुमाराला पानांवर पावलं वाजली. बंदूक उचलली नाही, कारण शिकारीतला नारिंगी कोट दिसला. मारित. एकटी. वाकून आत आली, उंच खुर्चीवर चढून बसली आणि म्हणाली, बाबा, इथे किती उबदार असेल वाटलं होतं, शेगडी का बंद?

मी शेगडी पेटवली. पहिल्या टकीला पेटली.

माझ्या शेजारी बसली होती. एका परवान्यावर एकच हरीण, आणि तिचा यंदाचा परवाना कालच वापरून झाला, म्हणजे शिकारीसाठी यायचं काही कारणच नव्हतं. उगीच आली होती. मी खुणेनंच सांगितलं, आवाज नको. ती मोठ्यांदा म्हणाली, बोल रे, काही होत नाही. मग तीच सांगत बसली. काल हात इतके कापत होते की नळी हलत होती. तेवढ्यात माझी शिंक ऐकू आली. ती म्हणाली, बाबा, मला इतकं हसू आलं ना, की हात कापायचेच थांबले. वाटलं, बाबा आहे तिकडे.

मी म्हटलं, दाबली होती मी ती. ती म्हणाली, माहितीये, म्हणून तर एवढी मोठी आली. आणि आम्ही दोघं हसत सुटलो. ती खुर्चीवरून घसरली, टप कलंडला, कप गडगडत गेले, आणि ते बघून आणखी हसलो. मी चिप्सची दुसरी पिशवी टरकन फाडली. मऊबिऊ करण्याच्या भानगडीत पडलो नाही. इतकं मोकळं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

पूर्वेकडून गोळीचा आवाज आला.

मारितनं कान टवकारले आणि म्हणाली, ऑगीला मिळालं.

मग तिनं माझ्याकडे बघितलं आणि तिचे कान लाल झाले. मी विचारलं. ती खोटं बोलत नाही, माझ्यावर गेलेली नाही. म्हणाली, आजी म्हणाली, तुझा बाबा आज फार वेळ गप्प आहे, एक हरीण हललं नाही, ऑगी तिकडे गारठलाय. जा जरा, त्याला बोलतं कर.

मी गप्प बसलो. पुन्हा. या वेळी संकल्प नव्हता. मग विचारलं, आता जाणार ना तू, ऑगीचं हरीण बघायला?

तिनं पिशवीत हात घातला, आत डोकावली आणि म्हणाली, चिप्स संपेपर्यंत बसते.

लपणाऐवजी पिशवी मोठी घ्यायला हवी होती.