चोवीस पळ्या पाणी

बालाघाट,
वैशाख वद्य तृतीया (तुमच्या बेंगळुरूत नुसता मे महिना असेल)

प्रिय अलकनंदा,

टपालाने आलेलं पाकीट बघून तू ते बँकेचं समजून बाजूला ठेवलं असशील. उघडलंस, हे माझं नशीब. भर उन्हाळ्यात चार पानी पत्र लिहिणारा माणूस एक तर वेडा असतो, नाही तर संस्कृतचा शिक्षक, असं पंत म्हणायचे. दोन्ही एकाच अंगावर असायला त्यांची हरकत नसे. तुझा परवाचा मेसेज वाचला. उत्तर द्यायला तीनदा फोन लावला आणि तीनदा वाजायच्या आत बंद केला. तू जे मागितलंस त्याकडे मी येणार आहे, पण माझ्या चालीने. विषय तुझे बाबा आणि ते राहतात ते घर. गेलं दीड वर्ष दर रविवारी मी तुला ‘पंत उत्तम’ असे दोन शब्द पाठवत आलो. ते दोन्ही शब्द मला आज परत घ्यायचे आहेत.

सुखसदन तू एकदाच पाहिलंस, तेही दाखल करायच्या दिवशी, तेव्हा त्यांनी दारात रांगोळी काढली होती. रांगोळी सोडली तर बाकी सगळं तसंच आहे. चौदा म्हातारी माणसं, दिवसा दोन बाया, रात्री एक. गच्चीवर गेलं की वैनगंगा दिसते. गच्चीला कुलूप असतं. फॉर्मवर ‘स्थानिक पालक’ असा एक रकाना होता आणि तिथे तू माझं नाव सुचवलंस. ज्या गुरूने आपले कान पिळले, बावन्नाव्या वर्षी त्याचाच पालक व्हायचं, हा काव्यगत न्याय मला फार आवडला होता. सही करताना मी जरा लफ्फेदारच केली, तुला आठवत असेल. तू हसली होतीस. तेवढ्यासाठीच केली होती, हे आता सांगायला हरकत नाही.

पंतांचा वर्ग आठवतो का ग? सरकारी शाळेच्या त्या पत्र्याच्या खोलीत आपण चौघे जण, म्हणजे तू, मी, आणि फक्त हजेरीपुरते येणारे दोघे. एक दिवस त्यांनी कोपऱ्यातला पाण्याचा घडा उचलून बाहेर नेऊन ठेवला आणि आत येऊन विचारलं, तिथे घडा नाही हे तुम्हाला कशाने कळलं? डोळ्यांनी म्हणाल तर ‘नाही’ ही वस्तू डोळ्यांना दिसते का? अख्खा तास त्या नसलेल्या घड्यावर गेला. शेवटी तू म्हणालीस, तहान लागली की कळेल. पंत इतके खूश झाले की त्यांनी तुला त्या दिवशी लवकर सोडलं आणि मला घडा आत आणायला लावला. माझं नाव त्रिविक्रम, आचमनाच्या चोवीस नावांत सातवं, म्हणून मी त्यांचा ‘सातवा’. हजेरी घेताना माझ्या नावाशी ते थांबायचे, चष्म्यावरून बघायचे आणि मी ‘उपस्थितः’ म्हणेपर्यंत पुढे जायचे नाहीत. तुझ्यावर मी एक श्लोक रचला होता, तोही त्यांच्याच हाती पडला. मजकुराबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. तिसऱ्या चरणातलं वृत्त लाल शाईने दुरुस्त करून वही परत दिली. वृत्त चुकलं नसतं तर काय झालं असतं, याचा विचार मी अजून अधूनमधून करतो. बायकोला, मंजुषाला, हे ठाऊक आहे. तिच्या मते मला तेव्हाही वृत्त येत नव्हतं आणि आताही येत नाही.

तर हे पंत, ज्यांचं जानवं आयुष्यभर खुंटीला होतं. देवाला संस्कृत येत असेल तर त्याला माझी गरज नाही आणि येत नसेल तर माझा त्याला उपयोग नाही, असं म्हणून ज्यांनी सत्यनारायणाची आमंत्रणं परत पाठवली. त्यांनी गेल्या कार्तिकात मला सांगितलं, सातव्या, मला पळी-पंचपात्र आणून दे, मी संध्या करणार. मी तुला लगेच कळवलं. तू तुझ्या आजोबांचं तांब्याचं पंचपात्र कुरिअरने धाडलंस आणि लिहिलंस की बाबांना शेवटी कुठेतरी शांती मिळाली. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं होतं, उगाच नाही म्हणत नाही. मी दर रविवारी साडेपाचला जायचो आणि त्यांचा हा नवा थाट बघत बसायचो. केशवाय नमः, एक पळी तळव्यावर, ओठांशी. नारायणाय नमः, दुसरी. माधवाय नमः, तिसरी. चौथं नाव गोविंदाचं. त्या वेळी पाणी प्यायचं नसतं, हातावरून ताम्हणात सोडायचं असतं. पंत तेही पीत. मग पाचवं, सहावं, सातवं, थेट चोविसावं, प्रत्येक नावाला एक पळी. एकदा मी न राहवून म्हटलं, पंत, गोविंदाला पाणी सोडायचं असतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, म्हणाले, “सोडायचं असतं, ठाऊक आहे.” आणि ती पळी प्यायले. त्या रविवारी मी तुला गमतीने लिहिलं होतं की पंतांनी आता स्वतःचं गृह्यसूत्र काढलं आहे. तू हसऱ्या चेहऱ्यांची ओळ पाठवली होतीस.

मी जाताना त्यांच्यासाठी चिवडा न्यायचो. ते घास घेऊन ठेवून द्यायचे. मी तुला कळवलं, भूक कमी झाली आहे. संध्याकाळी ते थोडे भ्रमल्यासारखे बोलतात, जीभ जड होते, लघवीला जळजळ होते, तेही कळवलं. डॉक्टर वयाचं म्हणाले, म्हणून मीही वयाचं म्हटलं.

चैत्रात एका रविवारी लालबर्र्याला लग्न होतं. तिथून परत येताना उन्हाने जीव नकोसा झाला, म्हणून घरी न जाता सरळ सुखसदनला गेलो. पावणेचार झाले होते. चंपाबाई, तीच ती लामता गावची, ठेंगणी, पंतांना बाबाजी म्हणणारी, दुपारीच येणारी रात्रपाळीची बाई, हातात एक मोठं घमेलं घेऊन खोल्याखोल्यांतून फिरत होती आणि प्रत्येक खाटेजवळचा तांब्या, पेला, बाटली त्यात गोळा करत होती. मला वाटलं घासायला नेते आहे. मी विचारलं, परत कधी ठेवणार? ती म्हणाली, सकाळी. मी म्हटलं, अग, बाहेर त्रेचाळीस आहे. मग ती घमेलं खाली ठेवून माझ्याशी बोलली, आणि इतकी सरळ बोलली की मला तिच्यावर रागावताही आलं नाही. “गुरुजी, रात्री मी एकली आन् जनं चौदा. पानी देल्लं का बिछाना ओला. ओल्यात पडून राह्यले का पाठीले जखमा, आन् जखमा झाल्या का डाक्टर मलेच बोलते. कोरडं ठेवलं तं पाठ तरी शाबूत राह्यते.” चारनंतर पाणी नाही, हा त्या घराचा नियम आहे, अलकनंदा. कुठे लिहिलेला नाही. मी दीड वर्ष साडेपाचला जात होतो. पंतांच्या खाटेजवळ तांब्या नसायचा, आणि तांब्या नाही हे मला एकाही रविवारी दिसलं नाही. ज्या माणसाने ‘घडा नाही’ यावर मला अख्खा तास शिकवलं, त्याच्याच खोलीत.

मी विचारलं, मग पंचपात्र? चंपाबाई हसली. देवाच्या पाण्याला कोण नाही म्हणेल, ती म्हणाली; मॅनेजरसाहेबसुद्धा त्याला हात लावत नाहीत. ती रोज काठोकाठ भरून द्यायची, संपलं की कोणी बघत नसताना पुन्हा भरायची. मग माझ्याकडे बघून खरोखरच्या नवलाने म्हणाली, “मले तं पहिल्याच दिवशी समजलं. तुमाले नाही समजलं?” घरी येऊन मी आपल्या देवघरातली पळी घेतली आणि ओट्याशी उभं राहून चोवीस पळ्या मोजल्या. जेमतेम अर्धा पेला भरतो. दोनदा भरलं तर एक. मंजुषाने विचारलं काय करताय, मी म्हटलं आचमन.

आता माझा पराक्रम ऐक. दुसऱ्याच दिवशी मी मॅनेजरला भेटायला गेलो. वीरेंद्र त्याचं नाव. अदबशीर पोरगा, समाजकार्याची पदवी आहे, खोलीत कूलर आहे. मी रागात होतो, पण रागापेक्षा मला माझ्या शोधाचा गर्व जास्त झाला होता. एवढा मोठा पंडित, तहान लागली म्हणून संध्या करतो, चोवीस नावांना चोवीस घोट, चौथ्याला सोडायचं तेही पितो, यावरून समजा तुमच्या घराची काय दशा आहे, असं मी त्याला शास्त्राधारासह पटवून दिलं. त्याला ते चांगलंच पटलं. म्हणाला, “सर, अच्छा हुआ आपने बताया. ये तो हमें पता ही नहीं था.” वहीत लिहूनही घेतलं. मी विजयी होऊन घरी आलो आणि मंजुषाला म्हटलं, शेवटी विद्या कामाला आली.

पुढच्या रविवारी पंचपात्र ऑफिसच्या कपाटात होतं. चंपाबाईला काढलं होतं, नियम मोडून पाणी देते म्हणून. तिच्या जागी शांताबाई आल्या आहेत, त्या चारच्या ठोक्याला घमेलं फिरवतात आणि कोणाशी बोलत नाहीत. रात्रीला दुसरी बाई ठेवा, मी म्हटलं. वीरेंद्र म्हणाला, मिळत नाही, आणि ते खोटं नसावं. मग त्याने एक कागद पुढे केला, चारनंतर भेटायला येणारे कोणीही काही खायला-प्यायला देणार नाहीत, त्यावर पालकाची सही. आणि अगदी नम्रपणे म्हणाला, पटत नसेल तर बाबाजींना घेऊन जा, जबरदस्ती नाही. मी सही केली. या वेळी लफ्फेदार नव्हती.

कुठे घेऊन जाऊ ते सांग. तुझ्याकडे सासूबाई दोन वर्षं अंथरुणावर आहेत, तुला विचारायचीही माझी हिंमत नाही. गोंदियाच्या वृद्धाश्रमात जो स्वतःच्या पायाने न्हाणीघरात जातो त्यालाच घेतात. आमच्याकडे दिवाळीत अकरा दिवस आणले होते, तुला सांगितलं होतं ना, मजेत आहेत. अकराव्या दिवशी आम्ही दोघं नोकरीवर असताना ते कडी काढून बाहेर पडले आणि रेल्वे फाटकापाशी सापडले. वर्गाला उशीर होतोय म्हणत होते. मंजुषा त्या संध्याकाळी मला म्हणाली, मी सांभाळीन, पण नोकरी सोडून. सोडू म्हणता का सोडू नको, एवढं बोला. सकाळी मीच पंतांची पिशवी भरली.

आता तुझ्या मेसेजकडे येतो. तू लिहिलंस, बाबा संध्या करतानाचा व्हिडिओ पाठव, सासूबाईंना दाखवायचा आहे. आणि बाबा तिथे एवढे रमलेत तर जूनचं तिकीट रद्द करते, दिवाळीला बघू. म्हणून हे पत्र. तिकीट ठेव की रद्द कर, ते तू ठरव. येऊन काय करशील हे मला सांगता येत नाही, फक्त माझ्या शब्दावर विसंबून येणं टाळू नकोस. व्हिडिओ मी काढला आहे, पाठवणार नाही. काल साडेपाचला फोन घेऊन पंतांसमोर बसलो, संध्या करता का म्हणून विचारलं. ते मांडी घालून बसले. पुढ्यात काही नव्हतं. त्यांनी नसलेली पळी उचलली, नसलेलं पाणी तळव्यावर घेतलं आणि ओठांशी नेलं. केशव, नारायण, माधव. गोविंदाला मात्र हात खाली नेला आणि पाणी सोडलं, अगदी शास्त्राप्रमाणे. आता सोडायला हरकत नव्हती. पाचवं नाव, सहावं. सातव्याला ‘त्रिविक्रमाय’ म्हणून ते थांबले आणि माझ्याकडे बघत राहिले, वर्गात हजेरीला बघायचे तसे. माझ्या पिशवीत पाण्याची भरलेली बाटली होती. दारात शांताबाई उभ्या होत्या. मी फोन तसाच धरून राहिलो. मग ते आठव्या नावाकडे गेले.

तुझाच,
सातवा