आईच्या बाजूचा ब्रेक

ता. ४ फेब्रुवारी

चि. ठकूस अप्पांचे अनेक आशीर्वाद.

पत्रास कारण की, बाहेरची हार्ड डिस्क उघडत नाही. परवा बँकेत जायला निघालो आणि नेहमीप्रमाणे घरातली सगळी बटणं बंद केली. त्यात डिस्कचंही झालं. तुझ्या आईने तेव्हा तिच्यावर काही फायली हलवायला लावल्या होत्या, हे मला ठाऊक नव्हतं. ती दाराशी मोजे घालत होती. पूर्वीची असती तर ओरडली असती. आता संगणक ‘बॅड सुपरब्लॉक’ एवढंच सांगतो.

डिस्कवर काय आहे ते तू जाणतेसच. ऑपरेशनच्या आधी आई रोज दार लावून बोलत बसायची, ती सगळी रेकॉर्डिंगं. दवाखान्यातल्या वाचा-उपचारवाल्या बाई त्यांवरून तिच्याच आवाजात बोलणारं यंत्र करून देणार आहेत. दुसरी प्रत आम्ही केली नाही, आणि स्वरयंत्र काढल्यावर पुन्हा रेकॉर्ड काय करणार? सध्या बाईंनी तयार आवाजाचं यंत्र दिलंय. ते बोललं की मला डब्यात खडे हलवल्यासारखं ऐकू येतं. माझ्या कानांची अवस्था तुला माहीत आहे. सगळ्या माणसांत मला फक्त तुझ्या आईचं बोलणं नीट कळायचं, तेही इतक्या वर्षांच्या सवयीने. हल्ली आम्ही पाटीवर लिहून भांडतो. त्यात काही मजा नाही. तिचं लिहून होईपर्यंत माझा राग निघून जातो.

कोपऱ्यावरचा दुकानदार म्हणाला, फॉरमॅट करून देतो, डिस्क नव्यासारखी होईल. देऊ का त्याच्याकडे? फोन करू नकोस. एकाला ऐकू येत नाही, दुसरीला बोलता येत नाही, उचलणार कोण? आणि आठवा महिना आहे तुझा, धावत येऊ नकोस. लोभ आहेच, तो असाच असू दे.

तुझा,
अप्पा

ता. ९ फेब्रुवारी

ती. अप्पांस शि. सा. नमस्कार.

फॉरमॅट अजिबात करू नका. दुकानदाराच्या डोळ्यांनाही ती डिस्क दिसायला नको.

आवाज बहुतेक जागच्या जागी आहेत. लिहिणं चालू असताना वीज गेली, त्यामुळे सुपरब्लॉक, म्हणजे कुठे काय ठेवलंय ही नोंद, बिघडली आहे. अनुक्रमणिका फाटली म्हणून पुस्तकाची पानं जात नाहीत. शिवाय तुमच्या संगणकातली लिनक्स ही प्रणाली या नोंदीच्या जादा प्रती डिस्कवरच इकडेतिकडे ठेवते, त्यांवरून दुरुस्ती होते. पण मूळ डिस्कला हात लावायचा नाही. आधी तिची नक्कल नव्या डिस्कवर उतरवायची आणि जे काय करायचं ते नकलेवर करायचं. इंटरनेट तुम्ही हौसेने बंद केलंत, तेव्हा मला इथून काही करता येत नाही. पार्सलमध्ये नवी डिस्क आणि लागणारे प्रोग्राम घातलेला पेन ड्राइव्ह आहे. आज्ञा वेगळ्या कागदावर लिहिल्या आहेत. शब्दांमध्ये जागा सोडायची तिथे लाल टिंब आहे.

एकच धोका आहे. नक्कल करायच्या आज्ञेत दोन नावं येतात, आधी जुन्या डिस्कचं, मग नवीचं. उलट झालं तर नवीचं रिकामेपण जुनीवर उतरेल, मग कुणालाच काही करता येणार नाही. ही नावं डिस्क लावायच्या क्रमाने मिळतात. आधी जुनी लावा, म्हणजे ती एसडीबी होईल आणि नंतर लावलेली नवी एसडीसी. मध्ये काढल्यात किंवा बंद केल्यात तर संगणकावर डिस्कांची यादी पुन्हा काढून तपासा. आकारावरून ओळखा: जुनी एक टीबीची आहे, नवी दोन टीबीची.

आई, तू शेजारी बस. ड्रायव्हिंग शिकवताना बसायचीस तशी. अप्पांना एकटं सोडू नकोस.

तुमची,
ठकू

ता. १७ फेब्रुवारी

चि. ठकूस अप्पांचे आशीर्वाद.

पहिला दिवस तुझ्या टिंबांनी खाल्ला. मी तीही टाइप केली. जन्मभर नकाशे काढले, कागदावर जे दिसेल ते उतरवायचं ही हाताला सवय. संगणक म्हणाला, अशी आज्ञाच नाही. तुझ्या आईने कपाळावर हात मारला.

दुसऱ्या दिवशी सकाळी यादी काढली, दोन्ही नावं कार्डावर टिपून घेतली, आणि भाजी आणायला निघताना सगळी बटणं बंद केली. होय, डिस्कचीसुद्धा. परत आल्यावर हाताला आली ती आधी लावली, आणि ती नवी होती. तू लिहिलं होतंस म्हणून यादी पुन्हा काढली, पण वाचली कुठे? कार्डावरून आज्ञा लिहिली आणि बोट एंटरवर नेलं.

तेवढ्यात जमीन हादरली. आपली जमीन लाकडी आहे, त्यामुळे मला ऐकू आलं नाही तरी पायाला कळलं. आईने उजवा पाय आपटला होता. शिकवण्याच्या गाडीत तिच्या बाजूलाही एक ब्रेक असायचा, तो दाबायची अगदी तसा. माझं बोट आपोआप उचललं गेलं. मीही गाडी तिच्याकडेच शिकलोय. मग तिने पाटीवर ‘एक टीबी कुठंय?’ एवढंच लिहिलं. पाहिलं तर नावांची अदलाबदल झालेली.

मी फार घाबरलो, ठकू. ती उठून पाणी घेऊन आली.

पुढचं सगळं सरळ झालं. नक्कल झाली, दुरुस्ती झाली. फायली ‘लॉस्ट अँड फाउंड’ नावाच्या फोल्डरात निघाल्या, पण नावं गेली, नुसते आकडे उरलेत. कशात काय आहे ते ऐकल्याशिवाय कळणार नाही. ते काम आईने स्वतःकडे घेतलंय. तब्येत सांभाळ, आणि आमच्यावरचं लक्ष काढू नकोस.

तुझा,
अप्पा

ता. २१ फेब्रुवारी

ती. अप्पांस आणि ती. आईस नमस्कार.

तुमचं पत्र मी उभ्याउभ्याच वाचलं, मग खाली बसले. जुनी डिस्क तशीच कपाटात ठेवा. नवीच्या बटणावर चिकटपट्टी लावा, आणि अप्पा, ती काढू नका. आई, ऐकताना जड जात असेल तर सगळं मला पाठव, मी लावते क्रमाने. आमची आठवण येत राहू दे.

तुमची,
ठकू

ता. १८ मार्च

चि. ठकूस आईचे भरभरून आशीर्वाद.

तुला पाठवलं नाही, मीच ऐकलं. पहिल्या दिवशी रडले. दुसऱ्या दिवसापासून चुका दिसायला लागल्या. किती घाईघाईने बोलायचे गं मी! शिकणाऱ्यांना कळायचं तरी कसं? बरंचसं मिळालं, थोडं गेलं. ‘थांबा’ कुठेच सापडलं नाही. बाई म्हणाल्या, उरलेल्यावरून यंत्र तेही म्हणेल. म्हटलं तर म्हणो, त्यासाठी माझा पाय आहे.

यंत्र काल आलं. आता जे टाइप करीन ते ते माझ्या आवाजात बोलतं. अप्पांना सांगितलं नव्हतं. ते दाराकडे पाठ करून पेन्सिलीला टोक करत बसले होते. बाहेर जायचं होतं, म्हणून मी दारातूनच यंत्रावर टाइप करून विचारलं की डिस्कचं सोडून बाकीची बटणं बंद केलीत का. त्यांनी मागे वळूनही न बघता ‘केली’ म्हणून सांगितलं आणि टोक करत राहिले. मग हात थांबला.

बाळाला काय काय सांगायचं ते टाइप करून ठेवते आहे. माया आहेच, ती तूही धरून ठेव.

तुझी,
आई