सातव्या पिढीतला लसूण

बिश्केक, बुधवार, दुपारच्या चहाची वेळ

आदरणीय तायके,

तुमच्या थोरल्या बहिणीच्या धाकट्या पोराचा, एर्मेकचा, सलाम. जनावरं सुखरूप? माणसं सुखरूप? (क्रम आपल्या रिवाजाचा आहे, मामीने रागावू नये.) तिचा गुडघा कसा आहे? तांबडी घोडी व्याली का? इकडे मी खुशाल आहे, म्हणजे परवा शुक्रवारी चार वाजेपर्यंत.

कॉलेज अर्ध्यावर सोडलं तेव्हा तुम्ही जे बोललात ते मी मनावर घेतलेलं नाही. (तीन महिने घेतलं होतं.) रेडिओच्या संग्रहातली ही नोकरी तुमच्याच शब्दावर मिळाली. अकरा हजार डबे, प्रत्येकात स्टुडिओत बसवून गाऊन घेतलेल्या कुणा आकिनाची, म्हणजे शाहिराची, टेप. ती ऐकायची, कार्ड लिहायचं, पुढचा डबा. डब्यांवर तुमचंच तीस वर्षांचं अक्षर: ‘दोन म्हातारे, एक खोकला.’ ‘बरा आहे.’ ‘हा नंतर ऐकू.’ तायके, ते सगळे ‘नंतर’ माझ्या वाट्याला आलेत.

बेगीमायबद्दल आईने सांगितलंच असेल, आणि चुकीचं सांगितलं असेल. तिच्या वडिलांकडे, कासिमबेकआकेंकडे, मी स्वतःच मागणी घालायला गेलो. म्हणाले, “कॉलेज अर्धं, मिशी अर्धी, आणि मुलगी मात्र अख्खी पाहिजे?” मग जरा निवळले. त्यांचे वडील बेकतुर आकिन एकदा रेडिओवर गायले होते, तो आवाज घरात कुणाकडे नाही. शोधून वाजवलास तर लग्नाचं बोलू. मी छाती ठोकली. आमच्या साहेबीणबाई गालिना पेत्रोव्ना यांनी ती टेप वाजवायला शुक्रवारी चारचा कार्यक्रम लावला, आणि कासिमबेकआकेंनी गावभर सांगून मेंढी बांधूनही ठेवली.

टेप आज सकाळी सापडली. (डब्यावर तुम्ही लिहिलंय: ‘लांबण लावतो.’) बेकतुर आजोबा गाण्याआधी बापापासून वर आपले सात पूर्वज मोजतात. सहा नावं कानावरून गेली. सातवं सारिम्साक. माझे आजोबा मला मांडीवर घेऊन त्यांचे सात पूर्वज घोकून घ्यायचे, त्यातही सातवा सारिम्साक. म्हणजे लसूण. दृष्ट लागू नये म्हणून पोराचं नाव लसूण ठेवणारं घर त्या खोऱ्यात एकच. आणि सात पिढ्यांच्या आत लग्न नाही, हे कासिमबेकआकेंना कुणी शिकवायला नको.

माझं डोकं तुम्हाला ठाऊक आहे. कात्री टेबलावरच होती, सातवा तेवढा कापून काढू म्हटलं. पण टेपवर नावं दिसत नाहीत. पहिला काप चौथ्या पूर्वजाला लागला, दुसरा पाचव्याला, मग रागच आला. शेवटी सातही जण वीत-वीत लांबीचे माझ्या शर्टाच्या खिशात, आणि रिळावर बेकतुर आजोबा पोरके.

तेवढ्यात बेगीमाय तळलेले बोर्सोक घेऊन आली. मी सगळं सांगितलं. (रडलो नाही. डोळ्यांत धूळ फार जाते इथे.) तिने बोटं मोजली. “आजोबांचा सातवा म्हणजे बाबांचा आठवा आणि माझा नववा. तुझाही नववा. अरे वेड्या, कॉलेज सोडलंस ते मोजता येईना म्हणून का?”

तर लग्नाला अडचण नाही आणि नव्हतीही. तुकडे मी साध्या चिकटपट्टीने जोडून टाकलेत. काळजी नसावी, हे पत्र निव्वळ खुशालीचं.

तुमचा भाचा,
एर्मेक

ता. क. टेप जोडायची खास पट्टी आणि तो तिरक्या खाचेचा ठोकळा तुमच्याकडे अजून आहे ना? सहज विचारलं.

ता. क. जोडलेली टेप आत्ता ऐकली. पूर्वज खिशात मिसळले होते. आता बेकतुर आजोबा स्पष्ट, खणखणीत आवाजात सांगतात की त्यांचा सख्खा बाप सारिम्साक. म्हणजे बेगीमायचा तिसरा. नव्हती ती अडचण मी स्वतःच्या हाताने जोडून ठेवली. गालिना पेत्रोव्नांनी रीळ दोनदा मागितलं. जरा हवा लागायला ठेवलंय म्हणालो.

ता. क. पत्र तुमच्या तोकमोकच्या मिनीबसवाल्याकडे देतोय. उद्या सकाळी सातच्या फेरीत तो तुमच्यासाठी पुढची जागा राखेल. ठोकळा आणा, पट्टी आणा. कात्री आणू नका, ती आहे. बेगीमायने माझ्याकडून काढून घेतलीय, आणि म्हणते, तायकेंच्याच हातात देईन.