आईची बॅग भरताना

ती. ताईस,
बोटीवरून धाकट्याचा नमस्कार. मी मजेत आहे, पोटभर जेवतो. भाचीचा खोकला गेला का?

तुम्ही दोघी आमच्या बोटीवर सहलीला याल तेव्हा आईच्या गोळ्या तुझ्या पर्समध्येच ठेव. मोठ्या बॅगा खोलीत पोचेपर्यंत संध्याकाळ होते. स्वेटर घे, आतल्या एसीची थंडी हाडात शिरते. चपला रबरी तळाच्याच हव्यात. आणि बोट सुटायच्या आदल्या दिवशीच बंदराच्या गावी या. तुझी ऐनवेळची धावपळ मला ठाऊक आहे!

साहेबांपुढे गयावया करून तुमची खोली मी आवरायला मागून घेतलीय. पण पाहुण्यांजवळ बसायची आम्हाला परवानगी नसते.

आई तुलाही आता ‘अहो बाई’ म्हणते, असं लिहिलं होतंस. मग गणवेशातला मी तिला कुठला ओळखू येणार? तू आठवण करून देऊ नकोस, उगाच ओशाळेल बिचारी.

इथे आम्ही पलंगावर टॉवेलचे हत्ती, हंस करून ठेवतो. तिच्या उशीवर मी रोज छोट्या टॉवेलचा उंदीर ठेवीन. मला ताप आला की ती रुमालाचा करून हातावरून टुणकन उडवायची ना, अगदी तसाच.

तिने तो हातावर घेऊन उडवला, तर मला हाक मार. मी दाराबाहेरच असेन.

तुझा,
धाकटा