सांगलीत नसलेली ओ निगेटिव्ह

२२ ऑगस्ट १९९९, रविवार. सांगली

रक्तदात्यांच्या वेबसाइटवरचा शोध एकदाचा चालला! फुकटच्या जागेवर डेटाबेस मिळत नाही, म्हणून सगळे दाते एका एक्सएमएल फाइलीत कोंबलेत. गाळायचं आणि क्रम लावायचं काम नवा ब्राउझरच करतो. आधी सगळ्यांना आडनावानं लावलं होतं, शाळेच्या हजेरीसारखं. विद्या (कॉम्प्युटर क्लासमधली भागीदार, जीभ तिखट) म्हणाली, "रक्त हवं असलेला माणूस अभ्यंकरांपासून सुरुवात करणार का गं सुलू?"

बरोबर आहे बाईचं. आता आधी गाव आणि रक्तगट गाळायचा, उरतील त्यांचा नावानं क्रम. सांगली-मिरजेबाहेरचे तर दाखवतच नाही. ऐन वेळी साताऱ्याला कोण धावणार? जिलबी खाल्ली. झकास.

२६ ऑगस्ट, गुरुवार

वहिनीला मिरजेला दवाखान्यात ठेवलं. आठवा संपलाय, वार खाली आहे. डॉक्टर म्हणतात, बाळंतपणात रक्त फार जाईल, ओ निगेटिव्हची सोय करून ठेवा. रक्तपेढीत शिल्लक नाही. दादाचा गट वेगळा, माझाही. दादा नुसता पांघरुणाची घडी घालतो आणि मोडतो. वहिनी आटपाडीची, उलट मलाच धीर देते. "वन्सं, तुमच्या कंपुटरात हुडका की. लय माणसं कोंबलीया न्हवं त्यात?"

हुडकते म्हटलं.

२७ ऑगस्ट, शुक्रवार

सांगली, ओ-नि. : एकही नाही. मिरज, ओ-नि. : एकही नाही. काय झटपट उत्तर! स्वतःच्याच साइटला दगड मारावा वाटला.

विद्या म्हणाली, "गावाची अट काढ." काढली. एकच नाव उरलं. मंगल, रहिमतपूर. कॉलेजात असताना साताऱ्याच्या शिबिरात रक्त दिलेलं. पळत बूथवर. फोन तिच्या वडलांनी उचलला.

"मंगल न्हाई हितं. लगीन झालं तिचं. सांगलीला दिलीया."

सांगलीला! रहिमतपूरची म्हणून आम्ही जिला गाळलं, ती इथं विश्रामबागेत भाजी निवडतेय. काखेत कळसा म्हणतात तो हाच.

"कुणाला लागतंय रगात?" वहिनीला, म्हटलं. "मग जावयाचा नंबर, पत्ता लिवून घ्या. थांबू नगा."

लावला. तिच्या सासूबाईंनी उचलला. मंगल आहे का? "इथं मंगल कुणी नाही." खट्. परत लावला. परत तेच, आवाज चढलेला. तिसऱ्यांदा लावायचं धाडस झालं नाही, पुन्हा रहिमतपूरला लावला. वडील ओशाळले. "आवं, सांगायचंच ऱ्हायलं. तिकडं अश्विनी म्हणत्यात तिला. लग्नात नाव बदललं न्हवं."

२८ ऑगस्ट, शनिवार

विद्याला घेऊन अश्विनीच्या घरी. दार तिनंच उघडलं. मंगल ना तुम्ही, म्हटलं, तर मागे वळून बघितलं कुणी ऐकतंय का, आणि हसली. "या घरात पहिल्यांदा ऐकलं."

सासूबाईंना सगळं सांगितलं. "रक्त? आमच्या सुनेनं? आम्हाला कधी बोलली नाही."

"विचारलं नाहीत, आत्या."

मला वाटलं, संपलं. सासूबाई उठल्या, आत गेल्या, पोह्याची बशी आणून सुनेपुढे ठेवली. "उपाशीपोटी द्यायचं नसतं म्हणे. खा. मीही येते मिरजेला, एकटी कशाला जातेस."

दुपारी रक्त दिलं. पिशवी वहिनीच्या नावानं ठेवली. आभार कसे मानायचे ते सुचेना, दोघींच्या पाया पडले. अश्विनी माझ्याहून लहान आहे! ती घाबरून दोन पावलं मागे.

२ सप्टेंबर, गुरुवार. मिरज

सकाळी रक्त जायला लागलं. घाईघाईनं ऑपरेशन. पिशवी आत गेली, दार बंद. दादा भिंतीला टेकून...

मुलगी! महिना आधी आली, पण रडली खणखणीत. वहिनी सुखरूप. देवा, तुझे उपकार, आणि विश्रामबागेतल्या त्या घराचे जास्त.

संध्याकाळी सासूबाई स्वतः शिऱ्याचा डबा घेऊन आल्या. बाळंतिणीला इतक्यात चालत नाही म्हटलं. "मग तुम्ही खा. तोंडं बघा तुमची." बाकावर बसून मी आणि दादानं रडत रडत शिरा खाल्ला. तूप सढळ होतं.

५ सप्टेंबर, रविवार

वहिनीला सगळी कथा सांगितली. मला वाटलं, नवल करेल. म्हणाली, "त्यात काय वन्सं? माझं बी हौसा हुतं की."

लग्नात दादानं तांदळात अंगठीनं 'मीनाक्षी' लिहिलं तेव्हा जोरात टाळ्या वाजवणारी मीच. त्या तांदळाखाली कोण होतं, हे आज कळलं. आवडत होतं का, विचारलं. "हौसा? आय हाक मारायची तवा लय गोड वाटायचं." मग बाळाकडं वळली.

१२ सप्टेंबर, रविवार. सांगली

उद्या गणपती. क्लासला सुट्टी, तरी अश्विनी आली. आपली नोंद बघायची होती. पडद्यावर 'मंगल' दिसलं, तर कितीतरी वेळ नुसती बघत राहिली.

गाव सांगली केलं, फोन सासरचा टाकला. नाव बदलायला गेले तर म्हणाली, "हे राहू दे की. कुठंतरी असू दे." पण मंगल म्हणून फोन आला तर सासूबाई परत खट् करतील, आणि पलीकडं एखादी वहिनी असेल. तिलाही पटलं. दोन्ही नावं ठेवू म्हटलं, एका दात्याखाली दोन बसतात, फाइल कुरकुरत नाही. फक्त क्रम लावायला पहिलं कुठलं?

"आत्यांना विचारून सांगते." दारापर्यंत गेली, परत फिरली. "नको. मीच सांगते. जरा विचार करते."

कर बाई, सावकाश कर. तोवर नावाची जागा कोरी ठेवली. ती गेल्यावर चालतंय का बघावं म्हणून सांगलीचे सगळे दाते काढले, नावाच्या क्रमानं. कोऱ्या नावाची ती सगळ्यांच्या वर आली.